शहाळ्याचे पाणी आणि फळझाडांची रोपे

निसर्गातून आलेले ते सारे हितकर आणि प्रयोगशाळेतून आलेले ते सारे संशयास्पद, अशी एक समजूत सुशिक्षित वर्गात गेली काही वर्षे बळावत चालली आहे. खाद्यतेलापासून दंतमंजनापर्यंत कोणत्याही वस्तूला ‘नैसर्गिक’ हा शब्द छापल्यावाचून बाजारात उठाव मिळेनासा झाला आहे. धूळ, जंतू आणि अंदाज या तिघांनाही जेथे मज्जाव असतो त्या ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळेच्या दारातही हा शब्द आता येऊन उभा राहिला आहे. फळझाडांची रोपे काचेच्या बाटलीत वाढवताना पोषणमाध्यमात रासायनिक संप्रेरकांऐवजी शहाळ्याचे पाणी, पिकल्या केळ्याचा गर, बटाट्याचा अर्क, टोमॅटोचा रस, यीस्टचा किंवा माल्टचा अर्क घालावा, म्हणजे रोपे स्वस्तही होतील आणि जोमदारही निपजतील, असे आग्रहाने मांडले जात आहे. या म्हणण्यात तथ्य आहे. पण ते जेथे सांगितले जाते तेथे नाही, भलतीकडेच आहे. म्हणूनच या प्रश्नाचा जरा खोलात जाऊन विचार करणे अगत्याचे आहे.

हा प्रश्न केवळ वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुरता आहे असे मात्र कोणी समजू नये. खानदेशातील केळीचा शेतकरी पूर्वी शेजाऱ्याच्या बागेतून मुनवे आणून लावी. आज त्यांतील फार मोठा वर्ग टिश्यू कल्चरचे रोप विकत घेतो, आणि ‘टिश्यू’ हा शब्द जळगाव-रावेरकडील बोलीत ठिबक आणि युरियाइतकाच घरचा झाला आहे. दीड मीटर अंतराने केळी लावली तर हेक्टरी सुमारे 4,444 रोपे बसतात. रोपामागे एक रुपया वाचला तर हेक्टरी साडेचार हजार रुपये वाचले; पण त्या रोपांत शेकडा पाच रोपे जातीला सोडून निघाली तर सव्वादोनशे झाडांचे खत, पाणी आणि मजुरी वाया गेली. शिवाय ही गोष्ट लागवडीच्या दिवशी कळत नाही. झाड चांगले वाढीला लागल्यावर, कधी कधी तर घड बाहेर पडण्याच्या वेळीच ती उघड होते. बाटलीत काय घातले गेले याचा हिशेब अखेर शेतात चुकता करावा लागतो.

शहाळ्याच्या पाण्याची या शास्त्रातील प्रतिष्ठा मात्र जुनी आणि कमावलेली आहे. वनस्पतीची सुटी पेशी कृत्रिम माध्यमात वाढवता यावी, ही कल्पना ऑस्ट्रियाच्या गॉटलीब हॅबरलांट यांनी 1902 साली मांडली. त्यांच्या पेशी काही काळ जगल्या, फुगल्या, पण विभागल्या नाहीत. त्या पेशींना आणखी काही तरी हवे होते आणि ते काय, हे सांगण्याची सोय त्या काळी नव्हती. पुढे 1941 साली अमेरिकेत व्हॅन ओव्हरबीक, मेरी कॉंक्लिन आणि ब्लेक्सली या तिघांनी धोतऱ्याचे अतिशय कोवळे भ्रूण बीजातून काढून बाटलीत वाढवण्याचा प्रयत्न चालवला होता. साखर, क्षार, जीवनसत्त्वे घालूनही ते भ्रूण वाढत ना. तेव्हा त्यांनी सरळ निसर्गाचीच नक्कल करायचे ठरवले. बीजात भ्रूणाला जो पोसतो तो भ्रूणपोष. आणि ओंजळभर द्रवरूप भ्रूणपोष एका जागी सहज मिळावा असे फळ कोणते, तर नारळ. नारळाचे पाणी घालताच ते हट्टी भ्रूण वाढीला लागले. पुढे कॉर्नेल विद्यापीठात स्टुअर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पाण्यावर गाजराच्या मुळाच्या पेशी वाढवल्या आणि 1958 साली अशा पेशींपासून गाजराची पुरती झाडे मिळवून दाखवली. हॅबरलांट यांचे भाकीत खरे ठरले ते अशा रीतीने, शहाळ्याच्या साक्षीने.

येथे विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या काळच्या इंग्रजी निबंधांत या द्रवाला ‘कोकोनट मिल्क’ म्हटलेले आढळते. ते आपले नारळाचे दूध नव्हे, पाणीच आहे. खोबरे वाटून पिळलेले दूध माध्यमात ओतून प्रयोग फसल्यावर संशोधकाला दोष देण्यात अर्थ नाही.

या पाण्यात असे काय आहे, याचा शोध त्यानंतर अनेक वर्षे चालला, आणि हा शोधच खऱ्या अर्थाने या विषयाचा गाभा आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठात फोल्क स्कूग यांच्या प्रयोगशाळेत तंबाखूच्या पेशींवर काम चालू होते. नारळाचे पाणी आणि यीस्टचा अर्क यांनी या पेशी विभागतात हे दिसत होते. पण विभाजन घडवणारे नेमके द्रव्य हाती लागत नव्हते. 1955 साली मिलर, स्कूग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते वेगळे काढले ते ना नारळातून, ना यीस्टमधून. हेरिंग माशाच्या वीर्यातील जुन्या डीएनएमधून! त्याचे नाव कायनेटिन. दोनच वर्षांनी स्कूग आणि मिलर यांनी दाखवून दिले की ऑक्सिन आणि कायनेटिन यांचे परस्पर प्रमाण बदलले की त्याच पेशीपुंजाला मुळे फुटतात किंवा कोंब येतात. मक्याच्या कोवळ्या दाण्यातून झिअ‍ॅटिन 1963 साली मिळाले आणि त्याच कुळातील संयुगे पुढे नारळाच्या पाण्यातही सापडली. त्याशिवाय त्या पाण्यात साखरा आहेत, इनॉसिटॉलसारखी शर्कराजन्य अल्कोहोले आहेत, अमिनो आम्ले आहेत, पोटॅशियम तर भरपूर आहे. एकंदरीत, ज्याला आपण एक द्रव्य म्हणून ओततो ते वस्तुतः अनेक द्रव्यांचे संमेलन आहे.

तंबाखूच्याच पानांनी पुढे एक मोठा मार्मिक धडा शिकवला. त्याच प्रयोगशाळेत तोशियो मुराशिगे यांना असे दिसले की पानांचा पाण्यातील अर्क माध्यमात घातला असता पेशींची वाढ चौपट-पाचपट होते. साहजिकच एखादे अज्ञात संप्रेरक त्या अर्कात दडले असावे, असे वाटले. तपासाअंती निघाले ते वेगळेच. वाढीचे श्रेय सर्वस्वी नव्हे तरी मुख्यत्वे त्या अर्कातील साध्या खनिज क्षारांना होते. जुन्या माध्यमात पेशी अर्धपोटी होत्या, एवढाच त्याचा अर्थ. त्यावरून क्षारांचे प्रमाण नव्याने ठरवण्यात आले आणि 1962 साली मुराशिगे व स्कूग यांचे माध्यम प्रसिद्ध झाले. जगातील बहुतेक ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा आजही ‘एम. एस.’ या दोन अक्षरांवर चालतात. जळगावच्या केळीचे रोपही त्याला अपवाद नाही. एखाद्या पानाचा रस गुणकारी ठरला म्हणून कोणी तो रसच पिढ्यान् पिढ्या ओतत राहिला असता, तर हे माध्यम जन्माला आले नसते.

आता स्वस्ताईचा मुद्दा घेऊ. या चळवळीचे पुरस्कर्ते तो सर्वात पुढे करतात आणि तोच सर्वात लंगडा आहे. केळीचे कोंब बाटलीत वाढवण्यासाठी बेन्झिलअमिनोप्युरिन हे संप्रेरक वापरतात. त्याचे प्रमाण लिटरला पाच मिलिग्रॅम धरले, तर एका ग्रॅमात दोनशे लिटर माध्यम तयार होते. तेच काम शहाळ्याच्या पाण्याकडून शेकडा दहा या प्रमाणात करून घ्यायचे, तर दोनशे लिटरला वीस लिटर पाणी लागेल. एका शहाळ्यात तीन पेले पाणी निघत नाही. सरासरी तीनशे मिलिलिटर धरले तरी पासष्टांहून अधिक शहाळी फोडावी लागतील. ती आणायची, धुवायची, फोडायची, पाणी उकळून गाळायचे आणि गोठवून ठेवायचे. मुंबई-पुण्यातील शहाळ्याचा भाव ज्यांना ठाऊक आहे त्यांना एक ग्रॅम संप्रेरक महाग म्हणायचे की पासष्ट शहाळी, हे सांगण्याची गरज नाही.

प्रयोगशाळेचा पैसा जातो तो अन्यत्र. निर्जंतुक कक्षात बसून, ज्योतीवर चिमटा तापवून, दिवसभर कोंब वेगळे करणाऱ्या कुशल हातांना मजुरी लागते. तेथे बव्हंशी स्त्रियाच काम करतात आणि त्यांच्या बोटांच्या सफाईवर या उद्योगाची सारी मदार असते. त्याखालोखाल विजेचा खर्च. दिवे आणि वातानुकूलन यांना सुटी नसते. खुद्द माध्यमात सर्वात महाग घटक म्हणजे ते घट्ट करणारे अगार. तेव्हा निसर्गाकडून काटकसर करूनच घ्यायची तर ती अगारच्या जागी करावी. दिल्ली विद्यापीठातील संशोधकांनी 1998 साली अगारऐवजी इसबगोल वापरता येतो हे दाखवले, पुढे गवाराच्या डिंकाचेही प्रयोग केले. साबुदाण्यावरही असे प्रयोग झाले आहेत. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने 2004 साली विकसनशील देशांसाठी स्वस्त ऊतिसंवर्धनाच्या उपायांवर एक स्वतंत्र अहवालच काढला. प्रयोगशाळेच्या शुद्ध सुक्रोजऐवजी किराणा दुकानातील साखर चालते, हा त्यातील एक उपाय. लिटरला तीस ग्रॅम साखर लागणाऱ्या या धंद्यात साखर कारखान्यांच्या महाराष्ट्राला हे कोणी परदेशातून येऊन सांगावे लागू नये. अर्थात इसबगोलाचेही गुण-अवगुण आहेत. तो वितळवून भराभर बाटल्यांत ओतण्याचे कसब साधावे लागते, कारण तो अगारापेक्षा लवकर घट्ट होतो. पण निदान तेथे वाचवण्यासारखे काही तरी आहे.

दुसरा मुद्दा एकसारखेपणाचा, आणि तो अधिक गंभीर आहे. शहाळे किती महिन्यांचे, कोणत्या जातीचे, कोणत्या जमिनीतील, पावसाळ्यातील की उन्हाळ्यातील, यांवर त्यातील साखर आणि संप्रेरके बदलतात. कोवळ्या फळाचे पाणी आणि जून नारळाचे पाणी यांतला फरक जिभेलाही कळतो, मग पेशीला कळू नये काय? केळ्याच्या गराचेही तेच. तो किती पिकला यावर त्यातील पिष्ट आणि साखर यांचे प्रमाण अवलंबून. ऑर्किडच्या संवर्धनात हा गर वर्षानुवर्षे वापरात आहे आणि तेथे त्याने चांगले गुण दिले आहेत. पण शोभेच्या फुलझाडाचे एखादे रोप उणे-अधिक निघाले तर कोणाचा संसार बुडत नाही. फळबागेची गोष्ट निराळी आहे. ऊतिसंवर्धनाच्या रोपाला शेतकरी जी अधिक किंमत मोजतो ती एकसारखेपणाची असते. सारी केळी एका वेळी निसवावी, एका वेळी कापणीला यावी, व्यापाऱ्याची मालमोटार एकाच फेरीत भरावी, एवढ्यासाठी तो मुनवे सोडून बाटलीकडे वळला. ज्या घटकाचे प्रमाण दर खेपेला बदलते तो या व्यवहाराच्या मुळावरच येणारा आहे.

बाटलीतील चूक किती उशिरा उघड होऊ शकते याचे उदाहरण मलेशियातील तेलमाडाने दिले आहे. ऊतिसंवर्धनाने तयार केलेले उत्तम तेलमाड तेथे लावण्यात आले. रोपे जोमदार होती, तक्रारीला जागा नव्हती. 1980 च्या दशकात ती फुलू लागली तेव्हा काही झाडांची फुले विकृत असल्याचे आणि फळधारणा बिघडल्याचे दिसून आले. या विकृतीचे मूळ जनुकक्रमात नसून त्यावरील रासायनिक खुणा पुसल्या जाण्यात आहे, हे 2015 साली सिद्ध झाले. दोष नैसर्गिक घटकांचा नव्हता, हे खरे. पण माध्यमात काय घातले, किती वेळा घातले आणि पेशी किती काळ त्यात ठेवल्या, या गोष्टींकडे हलक्या हाताने पाहता येत नाही, एवढे त्यावरून निश्चित कळते. आपल्याकडे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 2006 साली ऊतिसंवर्धित रोपांच्या प्रमाणीकरणाची व्यवस्था सुरू केली, तीत मातृवृक्ष रोगमुक्त असण्याची तपासणी आहे, एकाच कंदापासून किती फेऱ्या घ्यायच्या यावर मर्यादा आहे. ही व्यवस्था कागदावरून रोपवाटिकेत पूर्णपणे उतरली पाहिजे. हरण्या रोगाने केळीच्या बागा उपटून टाकण्याची पाळी ज्यांच्यावर आली आहे, त्यांना तपासणी न केलेले रोप ‘नैसर्गिक माध्यमातले’ आहे असे सांगून काय समाधान मिळणार?

मग शहाळ्याच्या पाण्याला प्रयोगशाळेतून निरोप द्यावा काय? मुळीच नाही. ज्या वनस्पतीच्या गरजा ठाऊक आहेत तिथे त्याचे काम संपले आहे. ज्या वनस्पतीच्या गरजा अजून कळल्या नाहीत तिथे त्याचे काम आता सुरू व्हायचे आहे. 1941 साली धोतऱ्याच्या भ्रूणाबाबत जी अवस्था होती तीच आज आपल्या कित्येक देशी फळझाडांबाबत आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने 1990 साली बांबूला बाटलीत फुले आणून जगाला थक्क केले. जो बांबू रानात दशकानुदशके फुलत नाही तो काही आठवड्यांत फुलला, आणि त्याच्या माध्यमात संप्रेरकाबरोबर नारळाचे पाणीही होते. लिंबूवर्गीय फळांच्या भ्रूणसंवर्धनात माल्टच्या अर्काने 1960 च्या दशकातच आपली उपयुक्तता सिद्ध केली आहे. अज्ञात कुलपाला पुष्कळ किल्ल्यांचा जुडगा लावून पाहणे शहाणपणाचे असते. मात्र कुलूप उघडल्यावर कोणती किल्ली लागली ते पाहून ठेवण्याची तसदी घेतली पाहिजे. (नारळाचा विनोद असा की दुसऱ्याच्या पेशी वाढवणारा हा वृक्ष स्वतः ऊतिसंवर्धनाला दाद देत नाही. त्याचे कोंब बाटलीत वाढवून त्यांची संख्या वाढवण्याची खात्रीची पद्धत बेल्जियममधील संशोधकांनी मांडली ती 2021 साली.)

मोठ्या कंपन्या या देशी झाडांकडे वळणार नाहीत, आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्यातही अर्थ नाही. ग्रँड नैन केळीची रोपे लाखांनी खपतात. कोकणातील राजेळी, वसईकडची वेलची, गोव्यातील मयड्याची केळी यांची रोपे हजारांनीही खपतील की नाही याची खात्री नाही. परंतु सारी बाग एका जातीवर उभी करण्याचा धोकाही लहान नाही. ग्रो मिशेल ही एके काळची निर्यातीची केळी पनामा रोगाने विसाव्या शतकाच्या मध्यास बाजारातून हटली आणि तिच्या जागी कॅव्हेंडिश गटातील केळी आली. त्याच गटातील ग्रँड नैनला ग्रासणारा त्या रोगाचा नवा वाण बिहार आणि उत्तर प्रदेश येथे आढळून आला आहे. खानदेश तेथून फार दूर नाही. अशा वेळी देशी जाती जिवंत, निरोगी आणि वाढवता येण्याजोग्या स्थितीत हाताशी असणे ही हौस नव्हे, गरज आहे.

हे काम कोण करणार? राहुरी, अकोला, दापोली आणि परभणी येथील विद्यापीठांकडे पाहणे स्वाभाविक आहे, पण सगळा भार त्यांच्यावर टाकण्याचे कारण नाही. वनस्पतिशास्त्राचा विभाग असलेली शेकडो महाविद्यालये महाराष्ट्रात आहेत; त्यांतील अनेकांत निर्जंतुक हवेचा कक्ष आणि दाबपात्र ही दोन्ही आहेत आणि वर्षातून परीक्षेच्या सुमारास एकदा ती उघडली जातात. कोकमाची रोपे बाटलीत वाढवण्याचे काम मुंबईच्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून या शतकाच्या पहिल्या दशकात झाले आहे, ही गोष्ट पुष्कळ प्राध्यापकांनाही माहीत नसेल. कोकमाचे झाड नर की मादी हे रोपावरून ओळखता येत नाही. बी लावून कित्येक वर्षे वाट पाहिल्यावर निम्मी झाडे नर निघतात, हे दुःख कोकणातल्या बागाईतदाराला विचारावे. कलमांनी त्यावर एक तोड निघाली आहे. दुसरी निघाली तर कोणाला नको आहे?

अशा प्रयोगांत ‘नारळाचे पाणी घातले, वाढ चांगली झाली’ एवढ्या एका वाक्यावर प्रबंध संपवण्याची जी रीत पडली आहे ती मात्र मोडली पाहिजे. फळ कोणत्या जातीचे आणि किती महिन्यांचे होते, किती फळांचे पाणी एकत्र केले, ते उकळून गाळले की तसेच वापरले, त्याच्या शेजारी तेवढीच साखर आणि तेवढेच पोटॅशियम घातलेली पण पाणी नसलेली बाटली ठेवली होती काय, या प्रश्नांची उत्तरे नोंदीत असली पाहिजेत. ती शेजारची बाटली नसेल, तर मुराशिगे यांना तंबाखूच्या अर्कात सापडले तसे केवळ क्षारच सापडण्याचा संभव आहे आणि ते सापडल्याचा पत्ताही लागणार नाही. मार्गदर्शक प्राध्यापकांनी एवढा आग्रह धरला तर पदव्युत्तर वर्गातील एका वर्षाच्या प्रकल्पाला शेतकऱ्याच्या दृष्टीने काही किंमत येईल. रोपवाटिकांच्या बाजूनेही एक गोष्ट लगेच होण्यासारखी आहे. रोपांच्या ट्रेबरोबर शेतकऱ्याला जी पावती दिली जाते तिच्यावर मातृवृक्षाची जात, विषाणू-तपासणीचा दिनांक आणि बाटलीतील फेऱ्यांची संख्या या तीन नोंदी सक्तीने छापल्या जाव्यात. माध्यमात शहाळे होते की संप्रेरक, हे त्याखाली चौथ्या ओळीत लिहायला हरकत नाही.